घरतबाईंच्या खिडक्या

आमच्या जुन्या साहेबांचा फोटो परवा अलिबागच्या एसटी स्टँडबाहेर एका बॅनरवर दिसला. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि बत्तीशी पूर्ण बाहेर. मी मुद्दाम थांबून तो फोटो नीट बघून घेतला. लाज सोडली की माणसाची तब्येत किती चांगली राहते, ते बघण्यासारखं होतं. बॅनरवर त्यांच्या नावापुढे 'नकाशा तंत्रज्ञानाचे प्रणेते' असं छापलं होतं. ते वाचलं आणि मला सुनंदा घरत आठवल्या. पुढचा सगळा दिवस माझं डोकं तापलेलं होतं, घरी आल्यावर बायकोने विचारलंसुद्धा, कोणाशी भांडून आलात म्हणून. म्हटलं, भांडून नाही आलो, आता बसतो भांडायला.

तर घरतबाई. आम्ही दोघं एका नकाशांच्या कंपनीत होतो. कंपनी म्हणजे एका बँकेच्या डोक्यावर भाड्याने घेतलेल्या तीन खोल्या. गावांचे, रस्त्यांचे, खारजमिनींचे नकाशे आम्ही कॉम्प्युटरवर चढवायचो. मी प्रिंट काढायचो, यंत्रं वाहायचो आणि गावोगाव नकाशे पोचवायचो. बाई इंजिनियर होत्या आणि ज्या प्रोग्रामवर आमची अख्खी कंपनी उभी होती तो त्यांनी लिहिला होता. बुटक्या, सावळ्या, केसांना चप्प तेल. खुर्चीवर एक पाय दुमडून बसायच्या आणि चपला टेबलाखाली अशा ठिकाणी सोडायच्या की येणारा-जाणारा हमखास अडखळायचा. अडखळणाऱ्याकडे मान वळवून बघतसुद्धा नसत.

त्या खारेपाटातल्या, मिठागरवाल्यांच्या घरच्या. डब्यासोबत त्यांची एक चपटी स्टीलची डबी असायची, तिच्यात घरचं जाडं मीठ. जेवणावर, पेरूवर, काकडीवर तेच. बाजारातल्या पिशवीतल्या मिठाला त्या पीठ म्हणायच्या. ऑफिसात लिहायच्या-बोलायच्या त्या शुद्ध मराठीत, कधी इंग्रजीत, पण मनातलं बोलायचं झालं की आगरी बोली बाहेर यायची. आणि माणसांना त्या नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी माणगावचा म्हणून मी 'माणगाव'. शेजारच्या टेबलावरचा सावंत किहीमचा, तो 'किहीम'. "माणगाव, ऊठ, किहीमला सांग पंखा कमी कर," असं ऐकून बाहेरचा माणूस बावचळून जायचा. साहेबांना मात्र त्या तोंडावर 'साहेब' म्हणायच्या आणि पाठीमागे काहीच म्हणत नसत.

बाईंना राग यायचा तो फार शांतपणे यायचा. ओरडणं नाही, आदळआपट नाही. त्या डूख धरायच्या आणि धरलेला डूख मिठासारखा सुकवून ठेवायच्या. त्यांची सूड घेण्याची रीत जगावेगळी होती, आणि तिच्याबद्दल त्यांना अभिमान होता. "मी कोनाचा वाईट करत न्हाय," त्या म्हणायच्या. "फकस्त सांगाचा बंद करते."

याचा अर्थ मला सावंताच्या प्रकरणात कळला. सावंत मोटरसायकलवर यायचा आणि वेळ वाचवायला खाडीच्या कडेच्या कच्च्या वाटेने घरी जायचा. मिठागरवाल्यांच्या घरात भरती-ओहोटी अंगात मुरलेली असते. बाई त्याला न विचारता सांगायच्या, आज उधाण आहे, आज वरच्या रस्त्याने जा. सावंत ऐकायचा आणि कोरडा घरी पोचायचा. एकदा बाईंनी डब्यात सुकट आणली होती. सावंताने नाकाला रुमाल लावला, खिडकी उघडली आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाला, आमच्या ऑफिसात कुणीतरी मेलंय बहुतेक. पाहुणे हसले. बाईंनी डबा संपवला, धुतला आणि जागेवर येऊन बसल्या. पुढच्या पौर्णिमेला सावंत हेल्मेट घालून निघाला तेव्हा बाई त्याच्याकडे बघत होत्या, अगदी प्रेमाने बघत होत्या म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सावंत एसटीने आला. गाडी सीटपर्यंत पाण्यात गेली होती आणि इंजिनात चिखल भरला होता. मला हसू आवरेना. बाईंनी त्याला हळहळून विचारलं, "अरेरे, उधान होता का काल?"

बाईंचा आणखी एक स्वभाव त्यांच्या कामात दिसायचा. खोटं आणि दुहेरी त्यांना सहन होत नसे. आमच्या जुन्या प्रोग्रामची गंमत अशी होती की नकाशाच्या जितक्या खिडक्या उघडाल तितक्यांदा तो नकाशा पहिल्यापासून नव्याने काढायचा. नकाशा म्हणजे काही फोटो नव्हे. फोटो ठिपक्यांचा असतो, मोठा करत गेलात की फुटतो. नकाशा रेषांचा. रेष कुठून निघाली नि कुठे गेली एवढं कॉम्प्युटर लक्षात ठेवतो, म्हणून तो कितीही मोठा करा, बांधाची कड कडच राहते. पण एका खिडकीत अख्खं गाव, दुसरीत देऊळ, तिसरीत खाडी असं बघायला गेलं की आमच्या कॉम्प्युटरला धाप लागायची. आणि त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक खिडकीतला नकाशा हा वेगळा नकाशा असायचा. एकीत बदल केला तर तो दुसरीला कळायचा नाही.

त्यामुळे म्हसळ्याकडच्या एका गावाची विहीर एका नकाशात देवळाच्या मागे आणि दुसऱ्यात देवळाच्या पुढे गेली. दोन्ही मीच छापले आणि मीच पोचवले. गावचे सरपंच दोन्ही नकाशे बगलेत मारून ऑफिसात आले आणि फार नम्रपणे विचारायला लागले, साहेब, पाणी नक्की कुठल्या विहिरीचं भरायचं? साहेबांनी ते माझ्यावर ढकललं. बाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी मिठागराच्या वाटणीचे आपापले दोन नकाशे करून घेतले होते, आणि त्या दोन कागदांपायी दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नाला जायची बंद झाली होती. एका जमिनीचे दोन नकाशे हे बाईंच्या लेखी पाप होतं.

मग त्या कामाला लागल्या. पावसाळा गेला, थंडी गेली. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर चार खिडक्या होत्या. एकीत सबंध गाव तळहाताएवढं, एकीत देऊळ, एकीत विहीर, एकीत खाडीचं तोंड. म्हणाल्या, विहीर सरकव. मी तिसऱ्या खिडकीतली विहीर बोटभर सरकवली. चारही खिडक्यांत विहीर सरकली. तिसरीत ताटाएवढी होती, पहिलीत मोहरीएवढी, पण सरकली सगळीकडे, आणि त्याच क्षणी. कॉम्प्युटर हूं का चूं करत नव्हता. नकाशा आता एकदाच काढला जात होता आणि खिडक्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. कुणी जवळून बघायचं, कुणी लांबून. लहानमोठं करणं प्रत्येक खिडकीचं आपलं आपलं, चित्र मात्र सगळ्यांचं एक.

"भात एकाच टोपात शिजतो, माणगाव," बाई म्हणाल्या. "कोनी कमी वाढून घेतो, कोनी जास्त. म्हनून काय मानशी टोप चढवायचा?" आणि त्या हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं की साहेबांना सांगणार आहे, प्रोग्रामवर कोपऱ्यात माझं नाव घाला. दुसरं काही नको, पगारवाढ नको. फक्त नाव.

साहेबांनी प्रोग्राम बघितला, वा वा केलं आणि नावाचं बघू म्हणाले. बघितलं ते असं. मुंबईत एक मोठं प्रदर्शन होतं. साहेब, बाई आणि यंत्रं उचलायला मी, असे तिघं मांडव्याहून बोटीने गेलो. बाईंनी नवी साडी नेसली होती. कोपऱ्यात नाव होतं, पण साहेबांचं. बाईंनी ते तिथे, लोकांसमोर, पहिल्यांदा वाचलं. टाय लावलेले लोक येत होते, चार खिडक्या बघत होते, विचारत होते ही कल्पना कुणाची. साहेब सांगत होते, माझीच, फार डोकं फोडलंय मी यावर. एकाने खांबापाशी उभ्या असलेल्या बाईंकडे बोट करून विचारलं, आणि या कोण?

"या होय? आमच्या ऑफिसातल्या बाई," साहेब म्हणाले. "बटणं दाबतात."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्या माणसाने त्यांना नमस्कार केला, त्यांनीही केला, आणि संध्याकाळपर्यंत त्या खरोखरच बटणं दाबत राहिल्या. परतीच्या बोटीत मी फणफणत होतो. म्हटलं, बाई, जाब विचारा, माफी मागायला लावा. बाई पाण्याकडे बघत होत्या.

"माफी मागितली की मानूस मोकला होतो, माणगाव," त्या म्हणाल्या. "त्याला मोकला कशाला करायचा?"

त्यानंतर बाई साहेबांशी इतक्या नीट वागायला लागल्या की सावंतालासुद्धा भीती वाटायला लागली. साहेब विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायच्या. न विचारलेलं एक अक्षर नाही.

एकदा साहेब आपल्या लॅपटॉपवर तोच नकाशा उघडून खेळत बसले होते. तोवर बाईंनी सगळी यंत्रं एका वायरीने जोडून टाकली होती, त्यामुळे साहेबांचा लॅपटॉप ही त्याच नकाशाची आणखी एक खिडकी होती. साहेबांनी त्यांच्या खिडकीत खाडी मोठी केली, मग उठून आमच्या पडद्यावर डोकावून गेले. आमच्याकडे खाडी होती तेवढीच होती. परत जाऊन त्यांनी गाव लहान केलं, पुन्हा डोकावले. आमच्याकडे फरक नाही. साहेब खूश झाले. "छान," ते म्हणाले, "म्हणजे माझी खिडकी माझी. मी इथे काही केलं तरी तुमच्याकडे काही होत नाही."

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, माणगाव, चहा सांग. मी चहा सांगायला गेलो. आणि जिना उतरताना मला इतका आनंद झाला होता की चहावाल्याला मी दोन वेळा विचारलं, बाबा कसा आहेस तू, घरचे कसे आहेत.

मग त्या रस्त्याचं काम आलं. खाडीकाठचं एक गाव. त्याचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथे नांदतायत. गावाला खाडीच्या धक्क्यापर्यंत रस्ता हवा होता, आणि तो शेतांच्या बाहेरून, जुन्या बांधाला धरून जावा असं गावाचं म्हणणं होतं. नकाशा आमच्या कंपनीने काढला. ठरलं असं की सभेत नकाशा भिंतीवर मोठा करून दाखवायचा, गावाने मान्य केला की तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी तिथेच कॉम्प्युटरवर सही करायची, आणि सही झाली की नकाशा कायमचा बंद. त्यानंतर रेघ इकडची तिकडे करायची सोय नाही. आता आमच्या साहेबांनी त्याच गावात, शेतांच्या आतल्या अंगाला, मेव्हण्याच्या नावावर जागा घेऊन ठेवली होती. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर अधिकाऱ्यांचा कॉम्प्युटर, शेजारी साहेबांचा लॅपटॉप, आणि बाजूला बाई, ज्यांच्याकडे भिंतीवरची खिडकी होती, तिन्ही यंत्रं ऑफिसातल्यासारखीच एका वायरीने जोडलेली. प्रोजेक्टर माझ्याकडे. बाईंनी नकाशा दाखवला. रस्ता कुठून निघतो, बांधाला कसा धरतो, धक्क्याला कसा लागतो. बाया-बापे उठून जवळ येऊन बघून गेले. कुणाची हरकत नव्हती. अधिकारी म्हणाले, चहा घेऊ आणि सही करू.

चहा फिरायला लागला तसा साहेबांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. सहीनंतर नकाशा तालुक्याला त्यांच्याच लॅपटॉपवरून जायचा होता, आणि आपल्या खिडकीतलं भिंतीवर दिसत नाही असा त्यांचा पक्का समज होता. भिंतीकडे त्यांची पाठ होती. भिंतीवर त्या वेळी सबंध गाव लहानसं दिसत होतं, आणि लोकांचं लक्ष चहात. तेवढ्यात हिराबाई नावाची एक बाई कप-बशी सांभाळत पुढे आली. तिचं भाताचं शेत बांधाच्या आतल्या अंगाला होतं. ती घरतबाईंना म्हणाली, "बाय, माझा शेत मोठा करून दाखव ना. डोल्यांना दिसत न्हाय."

बाईंनी शेत मोठं केलं. भिंतभर शेत आलं, त्याच्या चारही कडा, पलीकडे बांध आणि बांधाला लागून लाल रेघेचा रस्ता. हिराबाई समाधानाने बघत राहिली. आणि मग ती लाल रेघ हलली.

पहिल्यांदा मला वाटलं प्रोजेक्टर हलला. रेघ बांधापासून सुटली, थोडी थांबली, मग हळूहळू आत यायला लागली. हॉलमध्ये एकेक जण बोलायचा थांबला. साहेब मान खाली घालून, जीभ ओठांवर धरून, लॅपटॉपवर बोट फिरवत होते. त्यांच्या बोटाबरोबर भिंतीवरचा रस्ता सरकत होता. तो हिराबाईच्या शेतात शिरला, मधोमध आला आणि पलीकडे मेव्हण्याच्या जागेकडे तोंड करून वळला. साहेबांना एक वळण पसंत पडलं नसावं, त्यांनी ते पुन्हा मागे घेतलं आणि जास्त गोल करून दिलं. सगळं गाव ते बघत होतं. घरतबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि भिंतीकडे नाही, साहेबांकडे बघत होत्या.

"आगो, रस्ता चालतंय," हिराबाई म्हणाली. "माझे शेतान शिरला."

साहेबांनी मान वर केली, वळून भिंतीकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग पुन्हा भिंतीकडे. बोट अजून बटणावरच होतं, त्यामुळे रस्त्याने भिंतीवर आणखी एक झोका घेतला. मागच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. अधिकाऱ्यांनी आपल्या पडद्यावर बघितलं, तिथेही रस्ता शेतातच होता. त्यांनी विचारलं, हा काय प्रकार आहे?

माणूस किती झटकन पलटी मारतो ते मी त्या दिवशी पाहिलं. प्रोग्राममध्ये दोष आहे, साहेब ओरडले, आपोआप हलतं हे, माझा काय संबंध. मग बोट बाईंकडे गेलं. "हा प्रोग्राम मी केलेला नाही. यांनी केलाय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा यांनी केलाय. विचारा यांना."

बाई उठल्या. पदर सारखा केला.

"साहेब, मागच्या लोकांना ऐकू न्हाय आला," त्या म्हणाल्या. "कोनी केला?"

"तुम्ही!" साहेब केकाटले. "तुम्ही केलाय, सुनंदा घरत!"

"व्हय," बाई म्हणाल्या. "मी केलाय. आनि त्यात दोष न्हाय."

मग त्या अधिकाऱ्यांकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाल्या, तुमच्या पडद्यावर रस्ता पुन्हा बांधावर नेऊन ठेवा. अधिकाऱ्यांनी नेला. भिंतीवरचा रस्ता निमूट बांधावर गेला, आणि साहेबांच्या लॅपटॉपमधलाही गेला. बाईंना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. सगळं गाव शाळेत बसलेलं होतं आणि धडा भिंतीवर होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, मग कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव या साहेबांचं कसं काय? बाई म्हणाल्या, आत्ता बदलते.

त्यांनी साहेबांचं नाव पुसलं आणि आपलं टाईप केलं. एकदाच केलं. ते भिंतीवर उमटलं, अधिकाऱ्यांच्या पडद्यावर उमटलं, आणि साहेबांच्या समोर, त्यांच्या स्वतःच्या खिडकीतही उमटलं. साहेबांनी लॅपटॉप फाडकन मिटला. त्याने भिंतीवर काहीच झालं नाही. अधिकाऱ्यांनी सही केली. रस्ता आज बांधावरून जातो, मी त्याच्यावरून गाडीने गेलोय.

साहेबांचं पुढे काही वाकडं झालं नाही. वरती कुठेतरी 'तांत्रिक अडचण' असं लिहून प्रकरण मिटलं, आणि तो माणूस शाली घेत फिरतोय. बाई दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात आल्या नाहीत. मीही महिन्याभरात सोडलं. कुणी म्हणतं त्या पेणला असतात, कुणी म्हणतं पुण्याला मुलीकडे. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही, पण शेवटचं पाहिलं ते असं.

सभा संपली होती. लोक उठत होते, हिराबाई आपली कप-बशी शोधत होती. मी प्रोजेक्टर बंद करायला हात पुढे केला तर बाई म्हणाल्या, थांब. त्यांनी कोपऱ्यातलं नाव मोठं करत नेलं. 'सुनंदा घरत' एवढे दोनच शब्द, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग त्या पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर घेतली. साहेब टेबलापाशी वायर गुंडाळण्याचं नाटक करत होते, कारण हॉलचं दार भिंतीच्या त्या टोकाला होतं आणि तिकडे जायला दुसरी वाट नव्हती. बाईंना घाई नव्हती. कुणालाच नव्हती. दारातली माणसं दारातच थांबली होती.

शेवटी साहेब निघाले. लॅपटॉप छातीशी धरून, लोकांकडे पाठ फिरवून, मान खाली घालून ते भिंतीला लागून चालत गेले, आणि जाताना त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवरून बाईंचं नाव एकेक अक्षर करत सरकत गेलं. त्यांना ते दिसलं नाही. बाकी सगळ्यांना दिसलं. ते दाराबाहेर पडले, त्यांच्या गाडीचा आवाज झाला, आणि तो आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत बाई भिंतीकडे बघत बसल्या.

"आता कर बंद," त्या म्हणाल्या.